आधी गोठा, मग बैल

आमच्या घरात पाल कोणी पाळत नाही. ती आपली असतेच. ट्यूबलाइटशेजारी किडे टिपते आणि बोलण्याच्या मध्येच चुकचुकली की आजीला बोलणे थांबवावयास लावते. पैसे मोजून पाल विकत आणणारी माणसेही जगात आहेत, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले. बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीने मी छत्रपती संभाजीनगरला जात असे. तेथे एका घरी बागेचे व वरकड काम मिळाले होते. त्या घरातील दिवाणखान्यात, खिडकीशी, एका काचपेटीत पोपटी रंगाची, पाठीवर तांबडे ठिपके असलेली वीतभर लांबीची पाल होती. घरातल्या मुलीने तिचे नाव ‘मिठू’ ठेवले होते.

मित्रहो, हसू नका. मीही आधी हसलोच होतो. परंतु पाहता पाहता त्या प्राण्याने मला बांधून टाकले. आपल्या पाली रात्री हिंडतात. ही दिवसा हिंडणारी. म्हणून तिला दिवाचर पाल म्हणतात. डोळ्यातली बाहुली गोल. पापणी नाही, म्हणून जिभेने डोळा पुसते. हिचे मूळ घर मादागास्कर बेट. त्या वंशाला ‘फेल्सुमा’ हे नाव १८२५ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी एका डच वैद्याच्या स्मरणार्थ दिले. त्याच वंशातली एक हिरवी पाल आपल्या अंदमानातही आहे. आणि दिवाचर पाली महाराष्ट्रात नाहीत असे कोणी समजू नये: साताऱ्याच्या कास पठारावरची ‘नेमास्पिस गिरी’ ही दगडी रंगाची लहानशी पाल २०१४ साली शास्त्राला ठाऊक झाली, आणि तिला पालींचे अभ्यासक वरद गिरी यांचे नाव मिळाले. ती कातळावरच शोभते. तिला घरी आणण्याचा विचारही करू नये.

आता मुद्द्यावर येतो. त्या घरची पेटी माशांची होती. लांब, बुटकी, आणि वरून काचेनेच झाकलेली. ‘तिला ऊन मिळावे’ म्हणून ती पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली. मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता मी पाणी द्यावयास गेलो, तो पाल तोंड उघडून काचेला चिकटलेली. हात लावला तर काच भाजत होती. मी म्हणालो, “काकू, ही पेटी आत घ्यायला पाहिजे. ती मरेल.” काकू म्हणाल्या, “अरे, तिला ऊन लागतंच, पुस्तकात लिहिलंय. तुला काय कळतंय त्यातलं?” त्यांचे बोलणे रास्तच होते. पुस्तकातले मला काही कळत नव्हते. पण गोठ्यातले कळत होते.

माझे वडील शाळेत चौथीपर्यंत गेले. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. परंतु गोठा कसा बांधावा हे वडिलांना कोणी शिकवावे लागत नाही. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचे ऊन दावणीवर येत नाही; पत्र्याच्या वर वाऱ्याला फट; आणि पाणी जनावराच्या पुढ्यात, हवे तेव्हा. बैल बाजारातून आणण्याआधी हे सारे उभे असते. त्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर पालीची हकीकत सांगितली. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, “आधी गोठा बघ म्हणावं, मंग बैल.”

वाचनालयातून आणि फोनवरून पुढे मी जे वाचले, ते सारे या एका वाक्याचीच टीका होती. ही पाल झाडाच्या खोडावर वर-खाली फिरणारी. तिला लांबी नको, उंची हवी. मोठ्या जातीच्या एका पालीला साधारण दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट किंवा त्याहून उंच पेटी लागते. वरचे झाकण जाळीचे. आत उभे-आडवे वेळू, मनीप्लँट, स्नेक प्लँट, म्हणजे लपायला जागा. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याची फवारणी. वाटीतले पाणी ती फारसे पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. रातकिडे कॅल्शियमची भुकटी लावून द्यावे, अधूनमधून फळाचा गर. दोन नर एका पेटीत कदापि ठेवू नयेत. आणि हातात घेऊन खेळवू नये. तिची कातडी इतकी नाजूक, की घट्ट धरले तर सोलून हातात येते.

उन्हाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ऊन तिला हवे ते त्यातल्या अतिनील किरणांसाठी. त्यांच्यावाचून शरीरात ड जीवनसत्त्व बनत नाही आणि हाडे मऊ पडतात. पण खिडकीची काच तेच किरण अडवते आणि उष्णता तेवढी आत कोंडते. म्हणजे काकूंच्या मिठूला उन्हातले हवे ते मिळत नव्हते, नको ते मात्र भरपूर मिळत होते! त्यासाठी निराळा दिवा येतो, तो जाळीवर रोज बारा तास लावतात. दिव्याखालच्या एका कोपऱ्यात ३२ अंशांच्या आसपास, बाकी पेटीत त्याहून कमी, रात्री आणखी गार. म्हणजे पालीने आपली जागा आपण निवडावी. दमटपणा तर साठ-सत्तर टक्क्यांचा. आमच्या मराठवाड्याच्या मेमध्ये!

काकूंनी पेटी हलवली, हे सांगितलेच पाहिजे. आठवड्यात उंच पेटीही आली. माणसे वाईट नव्हती. त्यांनी बैल आधी आणला होता, इतकेच. पालीचा कागदसुद्धा फाइलीत नीट होता. हा वंश ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने व २०२४ च्या नियमांनी असा प्राणी जवळ असल्यास ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंद चांगलीच. परंतु कागद फाइलीत असताना पाल खिडकीत भाजत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी पेटी विकावी, ती पंधरा दिवस चालवून तापमान लिहून आणावयास सांगावे, आणि मगच पाल द्यावी. धंद्याला हे परवडणार नाही, असे कोणी म्हणेल. गुरांच्या बाजारात दावण नसलेला माणूस बैल घेऊन गेला, तर गाव त्याला हसते. शहरात त्याला हौशी म्हणतात.

काही मित्र म्हणतात, माणसांना पाणी नाही तेथे पालीला फवारणी कसली? या प्रश्नाचा मला राग येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावणीत वडील बैलांपाशी झोपत असत, हे मला अंधुक आठवते. पाणी तेव्हाही नव्हते. पण बांधलेल्या जनावराला स्वतः पाणी शोधत जाता येत नाही, म्हणून बांधणाऱ्यावर ते येते. रानातल्या पालीचे मी काही देणे लागत नाही. पेटीतल्या पालीचे लागतो.

दिवाळीत काकूंचा फोन आला. त्यांची बदली व्हायची होती. “मिठूला तूच घेऊन जा, पेटीसकट. नोंद तुझ्या नावावर करून देतो. तुझ्याइतकं कोण बघणार?” खरे सांगतो, माझा जीव गलबलला. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात कधी आली नव्हती. मी रात्री आमच्या खोलीत बसून हिशेब केला. छप्पर पत्र्याचे, मेमध्ये दुपारी त्याखाली आम्हीच बसत नाही, लिंबाखाली जातो. वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि दिवा रोज बारा तास हवा. रातकिडे आणावयाचे तर शहरात जावे लागणार, गाडीभाडे निराळे.

सकाळी फोन करून नाही म्हणालो. वडील दारात बसले होते. त्यांनी विचारले, “का रं, नाही म्हणलास?” मी वर पत्र्याकडे बोट दाखवले. मिठू आता शहरातच काकूंच्या ओळखीच्या एका घरी आहे. त्यांनी परवा मला फोन करून विचारले, झाकणाची जाळी किती बारीक असावी. मी म्हणालो, रातकिडा बाहेर येणार नाही इतकी.