आकड्यामागचा आधारही दाखवा

लोखंडी शेड, पादचारी पूल, बसस्थानकांची छतं यांची डिझाइनं तपासणं हे माझं काम. हल्ली हिशोबाचं जाडजूड बाड येतं आणि प्रत्येक मेंबरपुढे ‘सेफ’ छापलेलं असतं. तो कशाच्या भरवशावर सेफ, हे शोधायला मात्र मला ड्रॉइंग पसरून बसावं लागतं.

साधा कॉलम घ्या. आयएसएमबी 300 हा आय आकाराचा सेक्शन, उंची 4 मीटर, दोन्ही टोकं हिंज्ड. कमजोर बाजूने मध्ये आधार नसेल तर आयएस 800:2007 या स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याची ताकद सुमारे 40 टन. त्याच बाजूला अर्ध्या उंचीवर पक्का जोडलेला, हलू न देणारा अँगल असेल तर तोच कॉलम 90 टनांच्या पुढे जातो. सेक्शन तोच, स्टील तेच. बदलते ती इफेक्टिव्ह लेंथ, म्हणजे वाकण्याच्या हिशोबात धरायची लांबी. आणि साइटवर पाइप आडवा आला की पहिला कापला जातो तो हाच अँगल.

अमेरिकेत हार्टफर्डच्या क्रीडागृहाचं प्रचंड स्टीलचं छत 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक सामना बघत होते. छताचा हिशोब कॉम्प्युटरवर झालेला होता. वरच्या मेंबरना मध्यावर आधार आहे असं त्यात धरलं होतं. कडेच्या मेंबरना तसा आधार प्रत्यक्षात नव्हता.

धरलेला आधार आणि प्रत्यक्षातला आधार यांची अशी फारकत होऊ नये म्हणूनच डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मांडणी मला मोलाची वाटते. नॉर्वेतल्या ‘सिम्युला 67’पासून रुजलेल्या या पद्धतीत कॉलम म्हणजे विखुरलेले आकडे नसतात. सेक्शन, स्टील, टोकं आणि तपासणीची रीत सगळं त्याच्यापाशीच असतं. मानकही स्वतंत्र ठेवता येतं, म्हणजे आयएस 800 च्या 1984 च्या आवृत्तीतल्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीकडून 2007 च्या लिमिट स्टेट पद्धतीकडे जाताना कॉलम नव्याने मांडावा लागत नाही.

पण इफेक्टिव्ह लेंथ हाताने टाकायची असेल तर या मांडणीचा निम्मा फायदा वाया जातो. ती लांबी कॉलमने स्वतःला जोडलेल्या अँगलवरून काढावी. मॉडेलमधून अँगल काढला की कॉलम तिथल्या तिथे नापास व्हावा.

एवढी माहिती भरायला वेळ कुठे आहे, असं तरुण इंजिनिअर विचारतात. डेडलाइनचा ताण मला ठाऊक आहे. पण आधार कुठून मिळतो हे डिझाइन करणाऱ्याला माहीत असतंच; ते मॉडेलमध्ये आलं नाही तर त्याच्या डोक्यातच राहतं आणि अँगल कापणाऱ्या वेल्डरपर्यंत कधीच पोहोचत नाही.

आयआयटी मुंबईत विकसित झालेलं ‘ओस्डॅग’ हे आयएस 800 वर आधारलेलं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. हिशोब कसा होतो हे कुणालाही उघडून बघता येतं. हाच खुलेपणा सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक स्टीलच्या कामात हवा. टेंडरमध्येच अट घाला: जिथे इफेक्टिव्ह लेंथ कमी धरली आहे, तिथे आधार देणाऱ्या मेंबरचा नंबर रिपोर्टमध्ये छापा, ड्रॉइंगवर त्याला ‘काढू नये’ अशी खूण करा आणि बिल पास करण्याआधी तो जागेवर आहे का ते बघा.