ताळ्याला गुण द्या

आठवीत एकचल समीकरणं शिकवताना बहुतेक वर्गांत एकच हुकूम सुटतो : छेद उडवा. पोरं उडवतात. अपूर्णांकांना लसाविनं गुणतात, शेजारची पूर्ण संख्या तशीच सोडतात आणि गणित चुकतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात शिकवताना ही चूक मी वर्षानुवर्षं तपासली. दोष पोरांचा नाही, आम्ही त्यांच्यापुढे ठेवलेल्या गणितांचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे मे महिन्यात घरंच्या घरं तेंदूपत्त्याला जातात. पहाटे पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची स्टँडर्ड बॅग, हे इथं लहान पोरही सांगतं. म्हणून मी गणित असं घालायचो : एकूण पुड्यांपैकी एक तृतीयांश आईनं बांधले, एक चतुर्थांश बाबांनी, उरलेले ५० आजीनं. एकूण पुडे किती?

क्ष/३ + क्ष/४ + ५० = क्ष

लसावि १२. एका मुलीनं ५० ला हातच लावला नाही. ४क्ष + ३क्ष + ५० = १२क्ष, उत्तर आलं १०. पेन्सिल खाली ठेवण्याआधीच ती म्हणाली, "सर, एकट्या आजीचेच पन्नास आहेत ना जी!" मग तिनं ५० चे ६०० केले. ५क्ष = ६००, म्हणजे १२० पुडे. आईचे ४०, बाबांचे ३०, आजीचे ५०. बारापट करायची तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाची करावी लागते, हे मला सांगावंच लागलं नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त अशीच ओळखीच्या गोष्टींची गणितं घातली. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, उरला एक. थवा १५ भुंग्यांचा. छेदांची इतकी गुंतागुंत, पण डोळ्यांपुढे झाडं आणि भुंगे असतात.

आमच्याकडे तर असा भागांचा हिशेब रोजच्या व्यवहारातलाच आहे. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आज जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. मजुरी, ग्रामसभेचा वाटा, वाहतूक हा सगळा भागांचाच हिशेब, आणि तो लिहितात गावातलीच शिकलेली पोरं. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांनी घटक चाचण्यांमध्ये तेंदू, मोहफूल, बांबू यांच्या वाटणीची गणितं घालावीत. आणि उत्तर मूळ गणितात घालून पाहणाऱ्या पोराला त्या ताळ्याचा एक गुण वेगळा द्यावा, उत्तर चुकलेलं निघालं तरीही.