दोन रात्रींचा मुक्काम, सहा महिन्यांची आखणी

अमेरिकेतील चाकांवरच्या घरांविषयी आपल्याकडे जे कौतुकाने सांगितले जाते, ते बहुतेक गाडीविषयी असते. आत पलंग आहे, शेगडी आहे, फ्रीज आहे, न्हाणीघरही आहे, हे वर्णन ऐकून ऐकणारा थक्क होतो. पण हे घर रात्री उभे कोठे करायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. महिना-दोन महिने देशभर फिरणाऱ्या निवृत्त जोडप्याचा एखादा मुक्काम फसला तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुढे निघतात. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपून निघणाऱ्या आणि रविवारी दुपारी परतणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाती जेमतेम चाळीस-बेचाळीस तास असतात. मुक्कामाची जागा चुकली की त्यांची सहलच चुकते.

या प्रवासाचे काही ठोकताळे तिकडच्या अनुभवी मंडळींत रूढ आहेत. दिवसाला दोनशे मैलांहून अधिक गाडी हाकू नये, दुपारी दोनच्या सुमारास पोहोचावे, निदान दोन रात्री राहावे, असा एक नियम सांगतात. शुक्रवारी नोकरीवर असणाऱ्याने दुपारी दोनला कसे पोहोचावे, हे मात्र सांगत नाहीत! तरीही नियमामागील कारण खरे आहे. मोटारीमागे जोडलेला पंचवीस फुटी ट्रेलर झाडांच्या मधून मागे मागे सरकवीत ठरलेल्या जागेत बसविणे हे दिवसाढवळ्याही कसबाचे काम. अंधारात, मुले झोपेला आलेली असताना, ते भांडणाचे निमित्त होते. तेव्हा छोट्या सहलीसाठी तळ तास-दीड तासाच्या अंतरावरचा असावा, आणि रात्रीच पोहोचायचे असेल तर गाडी एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर काढता येईल अशी जागा घ्यावी, हे सर्वांत शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा सोयींचा. खासगी तळांवर प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी अशी तिहेरी जोडणी मिळते आणि तिचे भाडेही चोख घेतले जाते. पण दोन रात्रींसाठी तिची गरज कितपत असते? गाडीतील पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची टाकी चौघांच्या कुटुंबाला, थोडी काटकसर केली तर, शनिवार-रविवार सहज पुरते. परतताना तळाच्या दाराशी असलेल्या ठिकाणी टाकी रिकामी केली की झाले. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात वातानुकूलनासाठी वीज लागते, हा अपवाद. एरवी लांबच्या प्रवासाला जी सोय उपयोगी, तीच छोट्या सहलीला सर्वांत कमी लागते. पण नवखे कुटुंब पहिल्याने तिच्यासाठीच पैसे मोजते आणि मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांमधले दूरचित्रवाणी संच पाहत बसते. योसेमिटीसारख्या विख्यात राष्ट्रीय उद्यानातील एकाही तळावर अशी जोडणी नाही, आणि यलोस्टोनमध्ये ती फिशिंग ब्रिज या एकाच तळावर आहे. त्यामुळे तेथे जाणाऱ्यांची संख्या घटल्याचे कोणी ऐकले नाही.

हे सार्वजनिक तळ आज जसे दिसतात तसे ते का आहेत, याचा इतिहास मनोरंजक आहे. मोटार सामान्यांच्या हाती आली तशी १९२०च्या दशकात अमेरिकेतील अनेक गावांनी प्रवाशांसाठी फुकट तळ उघडले. प्रवासी उतरला की गावात चार पैसे खर्च करील, हा व्यापाऱ्यांचा हिशोब. डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क हा त्यांतला गाजलेला. पुढे कामाच्या शोधात हिंडणारी गरीब कुटुंबेही या तळांवर उतरू लागली, तेव्हा बऱ्याच गावांनी शुल्क बसविले. त्याचा एक हेतू त्यांना दूर ठेवणे हा होता. इकडे अरण्यांत वेगळीच अडचण उभी राहिली. मोटारी हव्या तेथे शिरत, माती चाकांखाली घट्ट होई आणि मोठाले वृक्ष मुळांपासून मरू लागत. वनखात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. मायनेके यांनी १९३२ साली यावर उपाय मांडला: एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, त्याला लागून गाडीपुरती एकेक आखूड फाटफूट, तिच्याजवळ एक टेबल, एक चूल, आणि मध्ये राखलेली झाडे-झुडपे. १९३३ ते १९४२ या काळात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी असे तळ देशभर बांधले. झाडांचा वैद्य म्हणून जो नकाशा त्यांनी आखला, तो माणसांनाही मानवला. खासगी क्षेत्रातील प्रसिद्ध के.ओ.ए. साखळी निघाली ती पुष्कळ नंतर, १९६२ साली माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे. पहिल्या तळाचे एका रात्रीचे भाडे पावणेदोन डॉलर होते.

मायनेके यांची आखणी त्या वेळच्या छोट्या मोटारींसाठी होती. आजचा तीस-पस्तीस फुटी ट्रेलर तेथील अनेक जागांत मावत नाही. यावर कित्येकांची मागणी असते की रस्ते रुंद करा, झाडे हटवा. ही मागणी मला मान्य नाही. छोट्या सहलीला छोटी गाडी न्यावी, हे त्यापेक्षा स्वस्त पडेल.

खरी तक्रार आहे ती आरक्षणाची. संघराज्य सरकारच्या अनेक तळांवरील जागा मुक्कामाच्या तारखेआधी सहा महिने आरक्षणासाठी खुल्या होतात, आणि नावाजलेल्या ठिकाणी त्या पाहता पाहता संपतात. २०२०च्या साथीनंतर चाकांवरच्या घरांची मागणी विलक्षण वाढली. तळ त्या प्रमाणात वाढले नाहीत. आता ऑगस्टमधल्या एका शनिवारी आपल्याला सुट्टी असेल की नाही, हे फेब्रुवारीत कोणाला ठाऊक असते? ज्याची नोकरी पक्की, रजा हक्काची, त्याला. ओरेगन राज्याने २०१७ साली कायदा करून मोठ्या दुकानांतील आणि उपाहारगृहांतील नोकरांना कामाचे वेळापत्रक आधी कळविणे मालकांना बंधनकारक केले. ती मुदत २०२० पासून चौदा दिवसांची आहे. म्हणजे कामगाराच्या बाजूने उभा राहणारा कायदाही त्याला दोन आठवड्यांपुढचे सांगू शकत नाही, आणि सरकारी तळ त्याच्याकडे सहा महिन्यांचे मागतो. गावांनी एके काळी शुल्काने जे साधले, ते आज दिनदर्शिकेने साधले जात आहे. फरक इतकाच की येथे ते कोणाच्या मनात नाही.

आरक्षणच नको, असे म्हणणाऱ्यांशीही सहमत होता येत नाही. जो आधी येईल त्याला जागा, हा नियम दिसायला समतेचा; पण बुधवारी येऊन ठाण मांडणारा तो निवृत्तच असतो, आणि शुक्रवारी रात्री मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाच्या कपाळी ‘जागा नाही’ ही पाटी येते. मार्ग मधला आहे. काही तळ थोड्या जागा राखून त्या चार दिवस किंवा दोन आठवडे आधी खुल्या करतात. ही पद्धत अपवाद न राहता नियम व्हावी. निदान तिसरा हिस्सा तरी असा राखावा. शिवाय आरक्षण करून न फिरकणाऱ्याला असा दंड हवा की त्याला ती जागा वेळेत सोडणेच परवडेल. भरलेल्या म्हणून जाहीर झालेल्या तळावर रिकामी टेबले दिसावीत, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

तोपर्यंत छोट्या सहलीच्या प्रवाशाने नामांकित उद्यानांचा हट्ट सोडावा हे बरे. लष्कराच्या अभियंता विभागाने धरणांच्या जलाशयांकाठी बांधलेले तळ, राष्ट्रीय वनांतील आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या उद्यानांतील तळ हे साधे, सावलीचे आणि बहुधा स्वस्त असतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही हेच सांगावेसे वाटते. भारतातून आलेल्या आईवडिलांना दोन दिवसांत योसेमिटी दाखविण्याच्या धांदलीपेक्षा तासाभरावरच्या तलावाकाठी त्यांच्याबरोबर निवांत बसणे अधिक सुखाचे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, म्हणून हा विषय सर्वस्वी परका राहिलेला नाही. आपल्याकडे अशा गाड्या अद्याप थोड्या आहेत, तेव्हा तळांची पद्धत आत्ताच नीट बसविता येईल. एका रात्रीच्या मुक्कामाला काय लागते, हे पालखीतळ सांभाळणाऱ्या गावांना कोणी शिकविण्याची गरज नाही: सपाट जमीन, पाणी, शौचालये, आणि दुसऱ्या दिवशी तो परिसर साफ करणारी माणसे. महाबळेश्वरला किंवा तारकर्लीला गाडी आली की तिची मैल्याची टाकी कोठे रिकामी होणार, याचे उत्तर तेथील नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने पहिल्या गाडीच्या आधी ठरवावे. आणि तळावरील काही जागा गुरुवारपर्यंत कोणालाही देऊ नयेत.