काचेच्या टाकीतला शेजार

शाळेच्या प्रवेशदालनात खाऱ्या पाण्याची फिश टँक ठेवावी, असा प्रस्ताव माजी विद्यार्थ्यांकडून आला आहे. २०० लिटरची टाकी, दिवे, पंप, सारा खर्च ते करणार आहेत. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. मात्र सोबत जोडलेल्या माशांच्या यादीला आमची हरकत आहे, आणि विश्वस्त मंडळाचा ठराव होण्याआधीच ती सांगितलेली बरी.

यादीत क्लाउनफिश, ब्लू टँग, लायनफिश आणि डॉमिनो आहेत. 'फाइंडिंग निमो' (२००३) पाहिलेल्या मुलांना निमो आणि डोरी एकत्रच हवेत, हे आम्ही समजू शकतो. पण डोरी, म्हणजे ब्लू टँग, वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत, अगदी मोठ्या फूटपट्टीएवढा होतो. लांब पल्ल्याने पोहणारा मासा तो, या टाकीत त्याचा कोंडमाराच होईल. लायनफिश देखणा खरा, पण तोंडात मावेल तो मासा तो गिळतो, आणि लहान क्लाउनफिश सहज मावतो. शिवाय त्याचे काटे विषारी, आणि टाकीत हात घालणार आपले शिपाईमामा! डॉमिनो लहानपणी गोजिरवाणा आणि स्वस्त असतो. मोठा झाला की सारी टाकी आपलीच समजून इतरांना हुसकावत सुटतो. गंमत म्हणजे निमोही त्याच भांडखोर कुळातला आहे, म्हणून क्लाउनफिशच्या दोन निराळ्या जातीही एकत्र ठेवू नयेत.

आमच्या मते क्लाउनफिशची एक जोडी, एक गोबी आणि त्याचा सोबती पिस्तूल झिंगा, एवढेच पुरे. देणगीच्या मानाने यादी तोकडी वाटेल. पण बघण्यासारखे याच चौघांत जास्त आहे. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली तर उरलेला नरच पुढे मादी होतो! झिंगा वाळूत बीळ खणतो, पण त्याला धड दिसत नाही, म्हणून बाहेर आला की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघे बिळात. सहजीवनाचा धडा फळ्यावर कितीही वेळा काढला तरी असा कळायचा नाही. गोबी उडी मारतो, तेव्हा टाकीवर जाळी हवी. तो आधी सोडावा, क्लाउनफिश शेवटी.

क्लाउनफिश पैदास केंद्रातलेच घ्यावेत. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्राने त्यांची पैदास यशस्वी केली आहे. असे मासे समुद्रफुलाशिवायही नीट राहतात. समुद्रफूल नव्या टाकीत सहसा तगत नाही, म्हणून निदान पहिल्या वर्षी ते नकोच. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. दुकानदार काहीही सांगो, आपण त्या वाटेला जाऊ नये.

आता पाणी. इंदुरात समुद्र नाही. नर्मदेचे नळाचे पाणी आर.ओ. करून त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे या टाकीला ७ किलो समुद्री मीठ घालावे लागेल. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खारे पाणी ओतत राहिले तर खारेपणा वाढत जाऊन मासे मरतात.

टाकी लावल्यावर पहिले चार ते सहा आठवडे तिच्यात मासे नसतील. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. स्नेहसंमेलनात उद्घाटन करायचे असेल, तर पाहुण्यांना वाळू, दगड आणि पाणीच दिसेल. तेवढ्यासाठी घाईने मासे सोडू नयेत. नववीच्या मुलांनी रोज पाणी तपासून तक्ता लावावा, तोच पाहुण्यांना दाखवावा.

खरी काळजी मे महिन्याची आहे. पाणी २५ ते २७ अंशांवर हवे, बाहेर पारा चाळिशीपुढे, शाळा बंद आणि वीज केव्हा जाईल त्याचा भरवसा नाही. देणगीत चिलर आणि इन्व्हर्टर धरलेले नाहीत, ते आधी धरावेत. सुट्टीत रोज येऊन पाणी पाहणाऱ्या दोन शिक्षकांची आणि तीन पालकांची नावे ठरावातच लिहून घ्यावीत. तेवढी नावे मिळाली नाहीत तर दात्यांना विनंती करून गोड्या पाण्याची टाकी आणि गप्पी मासे घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.