डबीवर लिहा!

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या प्रदर्शनांत हातसाबण, उटणी आणि घरगुती क्रीमचे स्टॉल आता फराळाच्या स्टॉलशी स्पर्धा करू लागले आहेत. काचेची इवली डबी, तिला बांधलेली सुतळी आणि चिठ्ठीवर तीन शब्द : ‘शंभर टक्के नैसर्गिक’. आत काय घातले आहे असे विचारले तर मधमाश्यांचे मेण, तिळाचे तेल, गुलाबपाणी ही नावे चटकन सांगितली जातात. अनेकदा चौथे नाव मात्र राहून जाते. ते असते टाकणखाराचे, म्हणजेच बोरॅक्सचे.

तो घालण्याला कारण आहे. मेणातील मेदाम्लांशी टाकणखाराचा संयोग झाला की किंचित साबण तयार होतो आणि तो तेल व पाणी यांना एकजीव ठेवतो. शंभर ग्रॅम क्रीममध्ये पंधरा ग्रॅम मेण असेल तर पाऊण ते एक ग्रॅम टाकणखार पुरतो. जास्त पडला तर क्रीम रवाळ होते. कोल्ड क्रीम कित्येक पिढ्या असेच बनत आले. तेव्हा तो वापरणाऱ्या बचतगटाच्या बाईंना गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. पण काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला, सोनार डाग देण्यासाठी वापरतो तोच खार चमच्याच्या अंदाजाने टाकायचा आणि वर त्याचे नावही सांगायचे नाही, हे खपवून घेण्याजोगे नाही. टाकणखार खनिज आहे, लडाखच्या पुगा खोऱ्यातही तो सापडतो. म्हणून तो नैसर्गिक खरा. पण जमिनीतून निघाले एवढ्यावरून कोणताही पदार्थ निर्धोक ठरत नाही.

जगाने या खाराबाबत वेगवेगळे निर्णय घेतले आहेत. प्रजननक्षमतेला आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या द्रव्यांत गणना झाल्यानंतर युरोपीय संघाने २०१९ मध्ये टाकणखारासह बोरेटे सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केली. त्यामागचा पुरावा मुख्यतः मोठ्या मात्रा पोटात दिलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे, हेही सांगायला हवे. कॅनडाने पाच टक्क्यांपर्यंत मुभा ठेवली, पण अट घातली : तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, सोललेल्या त्वचेवर लावू नये, आणि तसे वेष्टनावर छापावे. या सावधगिरीमागचे शास्त्र साधे आहे. धडधाकट त्वचेतून टाकणखारातला बोरॉन फारसा आत शिरत नाही. जखम, चीर किंवा इसब असलेल्या जागेतून शिरतो. आणि आपल्याकडे असली क्रीमे घेतली जातात ती नेमकी भेगाळलेल्या टाचांसाठी, फुटलेल्या ओठांसाठी आणि लंगोटाने लाल झालेल्या बाळाच्या मांड्यांसाठी.

बाळांचा मुद्दा तर अधिकच गंभीर. खोकला झाला की टाकणखाराची लाही मधातून चाटवण्याची रीत मराठी घरांत आजही आहे. चोखणीला टाकणखार आणि मध लावून दिल्याने तान्ह्या मुलांना आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गेल्या शतकात त्याच कुळातली बोरिक पावडर लंगोटाच्या चट्ट्यांवर टाकल्याने बालके दगावलीही. मध तर वर्षाच्या आतील बाळाला देऊच नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजीच्या बटव्याचा मान राखूनही ही रीत आता थांबलीच पाहिजे.

राहिला कायदा. विक्रीसाठी प्रसाधने बनवायची तर परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार घटकांची यादीही छापावी लागते. पण साठ मिलिलिटरहून कमी द्रव आणि तीस ग्रॅमहून कमी घन किंवा अर्धघन माल असेल तर यादीतून सूट आहे. लिप बाम आणि घरगुती क्रीमच्या डब्या बहुतेक याच मापाच्या. म्हणजे जिथे माहितीची सर्वाधिक गरज, तिथेच नियम डोळे मिटतो. छोट्या वेष्टनावर जागा नसते ही सबब क्यूआर कोडच्या काळात टिकणारी नाही.

केंद्राने ही सूट काढावी आणि टाकणखार असलेल्या प्रत्येक डबीवर लहान मुले व जखमी त्वचा यांबाबतची सूचना सक्तीची करावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धाडी घालण्याआधी बचतगटांना वजनकाटा, शुद्ध कच्चा माल आणि परवाना यांची वाट सोपी करून द्यावी. ज्यांना टाकणखार नको त्यांच्यासाठी पर्यायही आहेत : पाणी न घालता नुसत्या मेण-तेलाचे मलम केले तर तो लागतच नाही. उत्पादकांनीही कायद्याची वाट पाहू नये. आणि ग्राहकांनी चौथे नाव विचारावे. ते सांगायला कां-कूं करणाऱ्याची डबी, कितीही सुरेख सुतळी बांधलेली असली तरी, घेऊ नये.