"लिनक्सवर नेट चालत नाही" ही थाप बंद करा!

राजेहो, कामरगाव असो की कारंजा, शाळेतल्या नाहीतर ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं नेट बंद पडलं की ठरलेलं उत्तर येतं: "यात लिनक्स आहे, विंडोज टाकावं लागेल."

अहो, ही पोस्ट तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे! इंटरनेटची टीसीपी-आयपी १९८३ सालीच बर्कलीच्या युनिक्समध्ये आली. विंडोज ९५ यायला तेव्हा बारा वर्षं बाकी होती.

बिघाड शोधायला तीन कमांड पुरतात. टर्मिनल उघडा.

१) 'आयपी ॲड्रेस': मशीनला पत्ता मिळाला का? नसेल तर आधी वायर अन् राउटर बघा.
२) 'आयपी रूट': 'डीफॉल्ट'ची ओळ आहे का? नसेल तर गेटवे भरा.
३) 'पिंग ८.८.८.८': उत्तर येतं, पण साइट उघडत नाही? मग डीएनएस तपासा. उत्तरच नाही, पण राउटर पिंगला उत्तर देतो? मग बहुतेक बाहेरची लाइनच बंद आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ ची. आज तिला भारतनेट म्हणतात. तुटलेलं फायबर विंडोज टाकून जोडलं जात नाही. तोवर पीकविम्याची तारीख मात्र शेतकऱ्याची निघून जाते.

म्हणून एकच मागणी: यातली कोणती चाचणी फेल गेली, ते दुरुस्तीच्या पावतीवर लिहून द्या. त्याशिवाय बिलावर सही नाही!