मामूंचं हॉटेल आणि मोबाइलचा हिशेब

गेल्या रमजानच्या आधी मामूंच्या हॉटेलात बसलो होतो. हॉटेल म्हणजे सहा टेबलं, दाराशी देग, मागे तंदूर. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. इथली खासियत नान-खलिया. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासोबत हा पदार्थ आला असं आमच्याकडे सांगतात. एवढं जुनं खाणं, पण मामूंसमोर प्रश्न अगदी आजचा होता. काउंटरवर टॅबलेट सारखा वाजत होता, पोरं डबे भरून देत होती आणि मामू वैतागून म्हणाले, “बेटा, आर्डर इत्ते आते, फिर गल्ला खाली कैसा?”

मी वही मागितली. त्यांच्या एका प्लेटचा भाव 200 रुपये. अ‍ॅपवर ‘ऑफर’ म्हणून 20 रुपयांची सूट, ती मामूंच्याच खिशातून. उरले 180. त्यावर अ‍ॅपचं कमिशन शेकडा 25, म्हणजे 45 रुपये. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8 रुपये 10 पैसे. हातात आले 126 रुपये 90 पैसे. गोश्त, मसाला, नान, गॅस, कारागिराची मजुरी आणि डबा धरून त्यांचा खर्च 135 रुपये. म्हणजे प्रत्येक डब्यामागे मामू आठ रुपये घरचे घालत होते. जितकी ऑर्डर जास्त, तितका घाटा जास्त. दीड वर्ष हे चाललं होतं आणि कुणी हिशेबच मांडला नव्हता.

ही केवळ मामूंची तक्रार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये देशभरातल्या रेस्टॉरंट मालकांनी सवलतींना कंटाळून अ‍ॅपमधून बाहेर पडण्याची ‘लॉगआउट’ मोहीम चालवली होती. पुढे त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली आणि एप्रिल 2022 मध्ये आयोगाने झोमॅटो व स्विगीच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. मोठ्या हॉटेलवाल्यांकडे संघटना आहे, वकील आहे. मोहल्ल्यातल्या सहा टेबलांच्या हॉटेलाकडे काय आहे?

माझं उत्तर आहे, खिशातला मोबाइल. अनेकांना वाटतं, तंत्रज्ञान वापरणं म्हणजे अ‍ॅपवर नाव नोंदवणं. माझ्या मते ती शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या तीन पायऱ्या जवळपास फुकट आहेत आणि आपण त्याच सोडून देतो.

पहिली पायरी नकाशाची. परगावचा माणूस वेरूळ-अजिंठा बघायला येतो, संध्याकाळी मोबाइलवर ‘नान-खलिया’ शोधतो. तिथे आपलं हॉटेल दिसलं पाहिजे. नाव, वेळ, फोन नंबर, जुम्म्याला दुपारी किती वाजेपर्यंत बंद, रमजानात कधी उघडं, हे सगळं नोंदवायला एक दुपार पुरते. मामूंच्या हॉटेलाची नोंद कुणा ग्राहकानेच केलेली होती. फोन नंबर चुकीचा आणि फोटो शेजारच्या पंक्चरवाल्याचा.

दुसरी पायरी व्हॉट्सअ‍ॅपची. त्याच्या व्यवसायासाठीच्या आवृत्तीत पदार्थांची यादी भावासकट टाकता येते, ठरलेली उत्तरं आपोआप जातात. खरी गोष्ट अशी की अ‍ॅपवरून येणारा ग्राहक अ‍ॅपचा असतो. त्याचा नंबर सहसा आपल्याला मिळत नाही, त्याला काय आवडतं ते अ‍ॅपला कळतं, आपल्याला नाही. उद्या अ‍ॅपने आपल्याला यादीत खाली ढकललं की ग्राहक गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ग्राहक मात्र आपला. पूर्वी मामूंना तोंडपाठ असायचं, कुणाला नल्ली लागते, कुणाला तर्री जास्त. तीच ओळख आता फोनमध्ये जपायची, एवढाच फरक. फक्त न विचारता रोज मेसेज पाठवून लोकांना छळू नये.

तिसरी पायरी यूपीआयची. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि जानेवारी 2020 पासून त्यावर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. क्यूआर कोड सगळीकडे लागलेत, पण बहुतेकांसाठी तो फक्त गल्ला आहे. त्याची वहीही होऊ शकते. कोणत्या वारी किती विक्री, कोणत्या वेळेला गर्दी, हे त्या नोंदीतून दिसतं. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर आपल्या लोकांकडे दाखवायला कागद नसतो, ही जुनी रड आहे. हा कागद आता रोज आपोआप तयार होतोय.

इथे एक भीती आहे आणि ती खोटी नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. घाबरून अनेकांनी क्यूआर कोड काढले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. मला तो मार्ग पटत नाही. हॉटेल ही सेवा आहे, तिची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. ती करावी. हलाल कमाईची चर्चा आपण गोश्तापुरती का ठेवतो? हिशेबही त्यातच येतो.

आता अवघड भागाकडे येतो. मामूंनी मला हळूच विचारलं, “अ‍ॅप पे नाम बदल दूँ क्या? कुछ भी रख दे, जिससे पता न चले.” हॉटेलाला त्यांच्या वालिदांचं नाव आहे. मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही.

त्यांची भीती हवेतली नाही. 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डबा आणणारा मुस्लिम आहे म्हणून ऑर्डर रद्द केली होती. झोमॅटोने तेव्हा अन्नाला धर्म नसतो अशी जाहीर भूमिका घेतली, हे चांगलं झालं. जुलै 2024 मध्ये कावड यात्रेच्या मार्गावर मालकांची नावं लावायचे आदेश निघाले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 22 जुलैला अंतरिम स्थगिती दिली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात त्याच मार्गावर क्यूआर कोड आले, जे स्कॅन केल्यावर मालकाची माहिती दिसते. न्यायालयाने तेव्हा परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र दिसेल असं लावायला सांगितलं आणि बाकीच्या मुद्द्यांत शिरण्याचं टाळलं. म्हणजे जो काळा-पांढरा चौकोन आम्हाला पैसे घेण्यासाठी दिला, तोच ओळख तपासण्यासाठीही वापरता येतो. तंत्रज्ञान कुणाच्या बाजूचं नसतं, ते कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं.

तरीही मी मामूंना नाव बदलू नका म्हणालो. कारण भावनिक नाही, धंद्याचं आहे. पन्नास वर्षांत कमावलेली पत त्या नावाला आहे. औरंगपुऱ्यातले, सिडकोतले हिंदू ग्राहक त्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या येतात. नाव लपवलं तर ज्याला यायचंच नाही तो तसाही येणार नाही, आणि जो शोधत येतो त्याला आपण सापडणार नाही. उलट नावाखाली अन्न परवान्याचा क्रमांक लिहा, स्वयंपाकघराचे स्वच्छ फोटो टाका. अफवेला उत्तर द्यायचं तर उघडं स्वयंपाकघर दाखवावं. अर्थात, ज्याच्या दुकानावर उद्या जमाव येईल त्याला लांबून धैर्य शिकवायचा अधिकार मला नाही. हा निर्णय शेवटी ज्याचा त्याचा.

मामूंनी अ‍ॅप सोडलं नाही. भाव खर्चाप्रमाणे वाढवला, सूट बंद केली, डब्यावर हॉटेलाचा नंबर छापला. आता फोन सांभाळते त्यांची बी.कॉम. झालेली मुलगी. घरबसल्या ऑर्डर घेते, रात्री हिशेब लावते. हॉटेलाच्या काउंटरवर तिला बसू दिलं नसतं, हे मी खात्रीने सांगतो. फोनमुळे धंद्यात तिचा शिरकाव झाला. आता ती बापाला विचारते, मंगळवारी देग मोठी का चढवता? पण तिच्या या कामाला अजून पगार नाही. तो ठरवा, असं मी मामूंना सांगितलंय. ते हसून टाळतात.

आणखी एक गोष्ट. डबे नेणारी पोरं बहुतेक आपल्याच वस्त्यांतली आहेत, सगळ्या जातिधर्मांची. तीही याच साखळीत पिचतात. मामूंनी दारात त्यांच्यासाठी पाण्याचा माठ आणि बाक ठेवलाय. तंत्रज्ञानाच्या लेखात माठ कशाला, असं कुणी विचारेल. पण अ‍ॅपला जमत नाही आणि हॉटेलवाल्याला जमतं, ते हेच.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या गल्लीतल्या हॉटेलाचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि पुढची ऑर्डर थेट त्यालाच द्या. मोहल्ल्यात शिकलेली पोरंपोरी असतील, तर त्यांनी एक दुपार काढून अशा एखाद्या हॉटेलवाल्याला एका प्लेटचा खरा हिशेब मांडून द्यावा. मामूंना तो कुणी दीड वर्ष आधी मांडून दिला असता, तर ते आठ-आठ रुपये वाचले असते.